टेस्टिंगच्या नोकरीचा अर्ज आणि रेझ्युमेतील चुका

(शिक्षक, पंचायत सदस्य व तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यापुढील व्याख्यानाचा मजकूर)

तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.एस्सी., बी.सी.ए. अथवा अभियांत्रिकीची पदवी घेतलेले कितीतरी तरुण-तरुणी दरवर्षी पुण्याची वाट धरतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा ही नावे लातूर, परभणी, बुलढाणा या जिल्ह्यांतील घराघरांत आता परिचयाची झाली आहेत. यांपैकी पुष्कळांची पहिली नजर सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर असते. प्रोग्रॅम लिहिण्यापेक्षा तो तपासणे सोपे, असा एक समज त्यामागे असतो. समज पुरता खरा नाही. तथापि निरनिराळ्या शाखांच्या पदवीधरांना या दाराने संगणक-उद्योगात शिरता येते, हे मात्र खरे आहे. त्यासाठी शहरात चौघांत मिळून खोली घेतली जाते, शिकवणीचे शुल्क भरले जाते. त्या शुल्कामागे कधी सोयाबीनचे पैसे असतात, तर कधी बहिणीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम. मग अर्ज सुरू होतात. दहा, वीस, पन्नास अर्ज जातात आणि उत्तर येत नाही. परीक्षेत नापास झाल्याचे निदान कळते तरी. येथे काय चुकले तेही कळत नाही.

उत्तर न येण्याची कारणे अनेक असतात, आणि सर्व काही उमेदवाराच्या हाती नसते. जागा कमी, अर्जदार फार, ही वस्तुस्थिती कोणत्याही कागदाने बदलत नाही. परंतु पुष्कळदा अर्ज पहिल्याच पायरीवर अडतो, आणि तो अडतो सोबतच्या रेझ्युमेमुळे. हा एक-दोन पानांचा कागद उमेदवार सुटीत गावी आला की कोणाला तरी दाखवितो. दाखवितो तो माध्यमिक शाळेतील आपल्या गुरुजींना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, गावातील जाणत्या सदस्यांना. संगणकाचे हे काम आपल्याला कळत नाही, असे म्हणून तो परत दिला जातो. वास्तविक त्यातील बहुतेक चुका ओळखण्यास संगणकाचे ज्ञान लागतच नाही.

दोष शोधणाऱ्याचा कागद

टेस्टरचे काम काय, हे आधी पाहिले पाहिजे. तयार होत असलेली प्रणाली अपेक्षेप्रमाणे चालते की नाही हे तो पाहतो. आणि जेथे ती चुकते तेथे कोणत्या क्रमाने काय केले असता चुकते, हे दुसऱ्याला करून पाहता येईल अशा भाषेत लिहून देतो. ग्लेनफर्ड मायर्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाचे ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ हे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रणाली बरोबर आहे हे सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर तिच्यातील चुका सापडाव्यात या हेतूने ती चालवून पाहणे म्हणजे चाचणी, अशी त्याची भूमिका होती. आरंभीच त्याने एक साधे कोडे घातले आहे. एक प्रोग्रॅम तीन पूर्णांक घेतो, त्यांना त्रिकोणाच्या बाजू समजतो आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगतो. त्याची तपासणी कोणकोणते आकडे देऊन करावी? गणिताच्या शिक्षकांना यातील खोच लगेच उमगेल. ३, ४, ५ देऊन भागत नाही. १, २, ३ द्यावे लागतात, कारण त्यांचा त्रिकोणच होत नाही. शून्य द्यावे लागते, ऋण संख्या द्यावी लागते, अपूर्णांक द्यावा लागतो. ३, ३, ४ हेच आकडे क्रम बदलून पुन्हा द्यावे लागतात. अनुभवी प्रोग्रॅमरदेखील या १४ गुणांच्या कसोटीत सरासरी ७.८ गुणच मिळवितात, असे मायर्सने नमूद केले आहे.

अशा कामासाठी माणूस निवडणारा अधिकारी उमेदवाराचा कागद कोणत्या नजरेने वाचत असेल, याची कल्पना यावरून यावी. शिक्षकाच्या वा लेखापालाच्या अर्जात एखादे अक्षर चुकले तर ती नजरचूक ठरते. टेस्टरच्या अर्जातील चूक हा मात्र त्याच्या कामाचा पहिला नमुना ठरतो. इंग्रजीत ‘मॅनेजर’ लिहिताना मधला एक ‘ए’ सुटला की जो शब्द उरतो त्याचा अर्थ होतो गुरांची गव्हाण. तो शब्दही शब्दकोशात असल्यामुळे संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढत नाही. ‘फ्रॉम’च्या जागी ‘फॉर्म’ होते तेव्हाही तेच. यंत्राने हिरवा कंदील दाखविला तरी माणसाने वाचून पाहावे, हाच तर टेस्टरचा धंदा! कागद मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, तर अशा चुका सापडतात.

बायोडाटा, अर्ज आणि रेझ्युमे

आपल्याकडे या तीन कागदांची सरमिसळ झालेली आहे. विवाहासाठी द्यावयाच्या बायोडाट्यात वडिलांचे नाव, जात, उंची, रास येते. शासकीय अर्जाच्या विहित नमुन्यात प्रवर्ग, कायमचा पत्ता, छायाचित्र व ‘वरील माहिती सत्य आहे’ असे प्रतिज्ञापन लागते, आणि तेथे ते योग्यच आहे. खाजगी कंपनीकडे पाठवावयाच्या रेझ्युमेत यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक, आई-वडिलांचे व्यवसाय यांत अर्धे पान खर्ची पडते आणि ज्यासाठी माणूस हवा त्या कामाची ओळख दुसऱ्या पानाच्या तळाशी जाते. आधार क्रमांक व पॅन क्रमांक तर या कागदावर कधीही घालू नयेत. हा कागद किती हातांतून फिरतो याचा पत्ता नसतो. ती माहिती निवड झाल्यावर, मागितली गेल्यावरच द्यावी.

नवोदिताचा रेझ्युमे एका पानाचा पुरे. वर नाव, गावाचे अथवा शहराचे नाव, दूरध्वनी आणि ई-मेल. त्याखाली सहसा एक ठराविक वाक्य असते : आव्हानात्मक वातावरणात आपल्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी उपयोग करावा, अशा आशयाचे. हे वाक्य कोण लिहितो आणि कोण वाचतो, हे एक कोडेच आहे. ते काढून टाकल्याने कोणाचे काही अडत नाही. उलट तेथे दोन ओळींत आपण काय शिकलो व कोणत्या प्रकारच्या चाचणीचा सराव केला हे सांगता येते.

मोठ्या कंपन्यांत अर्ज पुष्कळदा प्रथम संगणकच वाचतो आणि मगच तो माणसापुढे येतो. दोन रकाने, चौकटी, चित्रे, रंगीत पट्ट्या यांमुळे त्या यंत्राचा गोंधळ उडू शकतो. ‘सेलेनियम : पाचपैकी चार तारे’ अशी सजावटही अलीकडे दिसते. हे चार तारे कोणी दिले, या प्रश्नाला उत्तर नसते.

दुसऱ्याच्या फायलीवरचा मजकूर

पुष्कळ गावांत रेझ्युमे टंकलिखित होतो तो सेवा केंद्रात अथवा झेरॉक्सच्या दुकानात. चालक आदल्या मुलाची फाईल उघडतो, नाव बदलतो आणि छापून देतो. घाईत कोठे तरी आधीच्याची जन्मतारीख राहते, कोठे त्याचा ई-मेल राहतो. कागदावर सर्व बदलले तरी फाईलच्या अंतर्गत तपशिलात मूळ लेखकाचे नाव राहू शकते, आणि ते दोन कळा दाबून दिसते. शिकवणी-वर्गांतही असाच एक साचा वाटला जातो. एका वर्गातील सर्व मुलांनी एकाच बँकेच्या एकाच प्रकल्पाची एकाच शब्दांत तपासणी केलेली असते. हे सर्व कागद एकाच टेबलावर एकाच आठवड्यात येतात, याचा विचार वाटणाऱ्याने केलेला नसतो. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाली आहे. भाषा सुधारण्यापुरते ते ठीक. पण न केलेले काम ते यंत्र सफाईने केले असे लिहिते, आणि मुलाखतीत उत्तर द्यावे लागते ते उमेदवाराला.

जुना मजकूर न तपासता नव्या जागी बसविण्याचा परिणाम केवढा होऊ शकतो, याचा दाखला या शास्त्राच्या इतिहासातच आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून सुटलेले एरियान-५ हे युरोपीय अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. आधीच्या एरियान-४ साठी लिहिलेला प्रणालीचा एक भाग तसाच घेतलेला होता. नव्या बाणाचा वेग निराळा. त्यामुळे एक संख्या तिच्यासाठी राखलेल्या जागेत मावली नाही आणि दिशा सांभाळणारी यंत्रणाच बंद पडली. तो भाग एरियान-४ वर बिनबोभाट चालत आलेला होता.

साधनांची यादी आणि केलेले काम

रेझ्युमेतील सर्वांत मोठी चूक ‘कौशल्ये’ या शीर्षकाखाली असते. सेलेनियम, पोस्टमन, जेमीटर, जिरा, एसक्यूएल, जावा, पायथॉन अशी नावांची रांगच तेथे लागते. यादी जितकी लांब तितका प्रभाव अधिक, अशी समजूत असते. प्रत्यक्षात यादीतील प्रत्येक शब्द म्हणजे मुलाखत घेणाऱ्याला दिलेले एक निमंत्रण असते. ज्या साधनाविषयी सलग पाच मिनिटे बोलता येत नाही, ते साधन यादीत असू नये. चार नावे पुरतात, त्यांचे काय केले हे सांगता आले म्हणजे.

प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची पायाभूत परीक्षा ४० प्रश्नांची व ६० मिनिटांची असते आणि उत्तीर्ण होण्यास २६ गुण लागतात. त्या परीक्षेची शिकवणी केली म्हणजे प्रमाणपत्र मिळाले असे होत नाही. शिकवणी केली असेल तर तसे लिहावे, परीक्षा द्यावयाची असेल तर तसे लिहावे. दोहोंतही कमीपणा नाही.

चांगल्या दोषनोंदीत तीन गोष्टी असतात : काय केले, काय व्हावयास हवे होते आणि काय झाले. दुसऱ्या माणसाने तेच केले तर तेच घडले पाहिजे. रेझ्युमेतील प्रत्येक ओळीला हीच कसोटी लावता येते. ‘टेस्ट केसेस तयार करण्याची व राबविण्याची जबाबदारी पार पाडली’ हे वाक्य त्या कसोटीला उतरत नाही. ते कोणाच्याही कागदावर शोभेल, म्हणून कोणाचेच नव्हे. याउलट असे लिहिता येईल : ‘महाविद्यालयीन प्रकल्पातील ग्रंथालय-प्रणालीत पुस्तक परत करण्याच्या भागासाठी ३२ चाचण्या लिहिल्या. ५ दोष आढळले. त्यांपैकी एक : २९ फेब्रुवारीस परत केलेल्या पुस्तकाचा विलंब-आकार चुकीचा येत होता.’ हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. उमेदवाराने स्वतःचे घालावेत. दोनच दोष सापडले असतील तर दोनच लिहावेत. वाचणाऱ्याला २९ फेब्रुवारीची आठवण झालेला माणूस हवा असतो, आकड्याचा मोठेपणा नव्हे.

अशी ओळ आली की पुढचे संभाषणही आपोआप चांगले होते. हा दोष किती गंभीर व तो दुरुस्त करण्याची निकड किती, असे विचारले जाईल. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुखपृष्ठावर कंपनीचेच नाव चुकीचे छापले गेले तर प्रणालीचे काम काही थांबत नाही, पण दुरुस्ती त्याच तासाला हवी. अर्जदाराच्या स्वतःच्या नावातील चूकही याच जातीची. गुणपत्रिकेवर एक, आधारपत्रावर दुसरे आणि रेझ्युमेवर तिसरे स्पेलिंग असेल तर पुढे कागदपत्र-पडताळणीत आठवडे जातात. हे दुरुस्त करण्याचे मार्ग येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना उमेदवारापेक्षा अधिक ठाऊक आहेत.

नोकरी नसताना अनुभव कोठून आणावा, ही रास्त अडचण आहे. तिला एक बिनखर्चाचे उत्तर आहे. फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारख्या मुक्त प्रणालींतील दोषांच्या नोंदवह्या सर्वांना खुल्या असतात. कोणीही दोष नोंदवू शकतो. त्याला क्रमांक मिळतो आणि त्यावरील चर्चा जगाला दिसते. मराठी भाषकाला येथे एक नैसर्गिक लाभही आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र संगणकात दोन निरनिराळ्या प्रकारांनी साठविला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, परंतु प्रणालीने हा भेद लक्षात घेतलेला नसेल तर शोध घेताना एक सापडतो व दुसरा निसटतो. गोऱ्हे वा कुऱ्हाडे आडनावाचा माणूस यादीत असूनही सापडणार नाही, असा याचा अर्थ. मराठी न येणाऱ्या टेस्टरला हा दोष सुचणेही कठीण. अशी एखादी नोंद नीट लिहून तिचा क्रमांक रेझ्युमेत दिला, तर वाचणाऱ्याला ती तेथल्या तेथे उघडून पाहता येते. मात्र अगोदर नोंदलेला दोष पुन्हा नोंदवू नये, आणि लोकांच्या वापरातील शासकीय अथवा बँकेच्या संकेतस्थळांवर परवानगीवाचून प्रयोग करू नयेत.

रिकामी वर्षे आणि बनावट अनुभव

पदवी आणि अर्ज यांच्यामध्ये अनेकांची दोन-तीन वर्षे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत गेलेली असतात. ती लपविण्याची धडपड रेझ्युमेत स्पष्ट दिसते : वर्षे गाळलेली असतात, पदवीचे साल पुढे ढकललेले असते. असे करण्याचे कारण नाही. ‘अमुक ते अमुक वर्ष स्पर्धा परीक्षेची तयारी’ ही एक सरळ ओळ पुरते. शेतीकडे पाहिले असेल, आजारी वडिलांची शुश्रूषा केली असेल, तर तेही एका ओळीत लिहावे. वाचणाऱ्याला रिकाम्या वर्षांपेक्षा न जुळणाऱ्या तारखांचा संशय अधिक येतो.

या रिकाम्या वर्षांवरच काही दलालांचा डोळा असतो. ठराविक रकमेत दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे पत्र, वेतनपत्रके, इतकेच काय, दूरध्वनीवर ‘होय, हा आमच्याकडे होता’ असे सांगणारा माणूसही पुरविला जातो. सर्वच जण असे करतात, असे उमेदवाराला सांगितले जाते. पडताळणीची साधने आता किती पुढे गेली आहेत, हे मात्र सांगितले जात नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ पासून सदस्यांना १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक देण्यास आरंभ केला. कोणत्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात वर्गणी भरली, हे त्या खात्यावरून कळते. आयकराच्या नोंदींतही पगार व त्यातून झालेली कपात दिसते. नॅसकॉमच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कौशल्य नोंदवहीत या उद्योगातील कर्मचाऱ्यांचा पडताळलेला तपशील ठेवण्याची सोय आहे. नियुक्तिपत्र सामान्यतः पडताळणीच्या अधीन असते. त्यामुळे खोटेपणा सहा महिन्यांनी वा दोन वर्षांनी उघड झाला तरी नोकरी जाते, आणि त्या कंपनीत केलेले खरे कामही मग पुढे सांगता येत नाही. शिवाय बनावट दस्तऐवज तयार करणे व तो खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. हे पैसे देणारा पुष्कळदा बापच असतो. आपण मुलासाठी गुन्ह्याची किंमत मोजीत आहोत, हे त्याला ठाऊक नसते. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा माणूस कंपनीचा नसतो, एवढे ग्रामसभेत एकदा सांगितले तरी दोन-चार घरे वाचतील.

कागद वाचताना

शिक्षकाच्या वा सदस्याच्या हाती असा कागद आला म्हणजे त्यांनी इंग्रजीच्या सफाईकडे प्रथम पाहू नये. एका ओळीवर बोट ठेवून ‘हे काय केलेस ते सांग बघू’ असे मराठीतच विचारावे. मुलगी अथवा मुलगा सांगू लागला, हातवारे करू लागला, कोठे अडले होते ते आठवू लागला, तर ती ओळ ठेवावी आणि त्याने जे सांगितले तेच सोप्या, लहान इंग्रजी वाक्यांत लिहावयास लावावे. बोलता आले नाही तर ती ओळ खोडावी. पान अर्धे झाले तरी हरकत नाही. मग तारखा गुणपत्रिकेशी ताडून पाहाव्यात. फाईलला ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ असे नाव न देता उमेदवाराचे पूर्ण नाव द्यावे, आणि ती दुसऱ्या एखाद्या मोबाईलवर उघडून पाहावी.

सरतेशेवटी, कागदावर छापलेला दूरध्वनी क्रमांक तेथेच बसून लावून पाहावा. गावी आल्यावर कार्ड बदललेले असते, कधी रिचार्ज संपलेला असतो, तर कधी दहाच्या जागी नऊच आकडे छापलेले असतात.